एक जूनची पोरगी

इंग्लंडातल्या शाळांबद्दल मला काहीही विचारा. पोराला कितव्या वर्षी शाळेत घालतात? चार पूर्ण झाली की. शाळेचं वर्ष कधी सुरू होतं? सप्टेंबरात. फी किती? सरकारी शाळेत एक रुपया नाही. नापास झालं तर त्याच वर्गात बसवतात का? बहुतेक नाहीच, तिथे वर्ग वयावर चालतो, कळो न कळो, वय वाढलं की पोर पुढे. आपल्या दहावीसारखं बोर्ड असतं का? असतं, पण त्याचा अभ्यास दोन वर्षं चालतो, दहावं आणि अकरावं वर्ष मिळून. हे सगळं मी चौसष्टाव्या वर्षी शिकलो. आमच्या गावापासून टेंभुर्णी सहा किलोमीटर, तिकडून जाफराबाद, मग जालना, आणि याच्या पुढे मी फारसा कधी गेलेलो नाही. तरी आजूबाजूच्या गावांत कुणाची सून, कुणाचा भाचा त्या देशात निघाला की लोक माझ्या ओसरीवर येऊन बसतात. मी सांगतो आणि ते मान डोलावत ऐकतात.

हे मी कुठे शिकलो ते कुणी विचारत नाही. मीही आपण होऊन बोलत नाही, कारण बोलायला गेलो तर माझीच लाज निघते. पण ती लाज एकट्याने सांभाळायचा आता मला कंटाळा आलाय.

मी बिभीषण, जिल्हा परिषद शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. गाव मला गुरुजी म्हणतं. बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली अठरा याच गावात. दोन हजार सोळा साली तालुक्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला, गावातलं एकही पोर शाळेबाहेर नाही म्हणून. त्याचा फोटो भिंतीवर आहे. फोटोत माझा फेटा एका बाजूला कलंडलाय आणि मी हसतोय.

आमच्याकडे एक जूनला अर्धा मराठवाडा जन्मतो. खोटं वाटत असेल तर कुठल्याही साठीच्या माणसाचं आधार कार्ड बघा. आईबाप पोराला घेऊन यायचे, जन्म कधीचा विचारलं तर म्हणायचे, दुष्काळाच्या साली, पोळ्याच्या आसपास. मास्तर काय करणार? शाळा जूनमध्ये उघडायची, पोर सहाचं भरायला हवं, म्हणून मास्तर सहा वर्षं मागे मोजून एक जून लिहायचा. माझ्या मास्तरांनी माझी तारीख अशीच लिहिली आणि मी माझ्या पोरांच्या अशाच लिहिल्या. पुढे बाया दवाखान्यात बाळंत व्हायला लागल्या, जन्माचे दाखले मिळायला लागले, तरी आमचा हात सवयीने एक जूनवरच जायचा. सोयीची तारीख होती ती.

दोन हजार पंधरा साली आमच्या शाळेत पहिली ते पाचवीचा पट अठ्ठावन्नवर आला. साठाच्या वर एक तरी मूल असेल तर तिसरा शिक्षक मिळायचा, नाहीतर दोनच. तिसऱ्या होत्या बेबीनंदा मॅडम. अंगावर पिणारं बाळ, नवरा जाफराबादला कामाला. त्या अतिरिक्त ठरल्या असत्या तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आष्टीकडे कुठेतरी फेकल्या गेल्या असत्या. त्या स्टाफरूममध्ये डोळे पुसत बसायच्या आणि मला ते बघवत नव्हतं. मला तीन पोरं कमी पडत होती.

त्याच जूनमध्ये ज्योत्स्ना आली. माझीच जुनी विद्यार्थिनी, बौद्धवाड्यातल्या चांगुणाबाईची एकुलती एक लेक, हुशार. तिचा नवरा ट्रकच्या धडकेत गेला होता आणि ती पोर घेऊन माहेरी परतली होती.

"सर, हिला शाळेत बसवून घेता का?" ती म्हणाली. "नर्सिंगला नंबर लागलाय माझा, औरंगाबादला. आई दिसभर दुसऱ्याच्या वावरात. अंगणवाडी बाराला सुटती. मंग पोरगी कुठं ठेवायची?"

तिने पिशवीतून जन्माचा दाखला काढून माझ्यापुढे ठेवला. आकांक्षा, बारा नोव्हेंबर दोन हजार दहा. मी तो नीट वाचला, घडी घातली आणि तिला परत दिला. "हा घरी ठेव, इथे लागत नाही," म्हणालो. मग रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, एक जून दोन हजार नऊ. पोर साडेचार वर्षांची होती, कागदावर सहाची झाली. ज्योत्स्नाचं काम झालं, बेबीनंदा मॅडमचं झालं, आणखी दोन बारकी पोरं अशीच भरून माझा पट एकसष्ट झाला. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं, हे खरं सांगतो.

आकांक्षा वर्गात सगळ्यांत लहान. पहिलीत ती दुपारी दप्तरावर डोकं ठेवून झोपायची. दुसरीत तिला पेन्सिल नीट धरता येत नव्हती. तिसरीत गणित माझ्याकडे होतं आणि हातचा काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नव्हता. मी तिला ढ म्हणायचो, सगळ्या वर्गासमोर. "तुझ्या बरोबरीच्या पोरी बघ जरा," असं म्हणायचो. त्या तिच्या बरोबरीच्या नव्हत्याच, हे गावात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, पण खडू हातात आला की मला राग यायचा आणि बाकीचं विसरायला व्हायचं. एकदा तिला फळ्यापाशी तासभर उभी केली. तिला चड्डीत लघवी झाली, पोरं हसली आणि मी पोरांना गप्प बसवायला उशीर केला.

तरी पोर शाळेत टिकली. रडतखडत वर चढत गेली. मी निवृत्त झालो, ज्योत्स्ना पुण्यात नर्स झाली, मग इंग्रजीची परीक्षा तीनदा देऊन चौथ्यांदा पास झाली आणि दोन हजार चोवीसच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडला गेली. डॉनकास्टर नावाचं शहर आहे. ते नाव मला पंधरा दिवस नीट म्हणता येत नव्हतं.

पंचवीसच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"सर, ज्योत्स्ना बोलून राह्यले. अकूला इकडं आणायचं म्हणते, दहावी झाली की. इथल्या शाळेत घालायचं. इथं नगरपालिकेनं सगळे प्रश्न अन् त्यांची उत्तरं एका ठिकाणी टाकलेत. मी तुम्हाला पाठवते. ड्यूटी करून येते तं डोळे मिटून राह्यले माझे, मला धड वाचणं होईना. तुम्ही एकदा बघता का, आपल्याकडचे कोणते कागद लागतील?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. निवृत्त मास्तराला कुणी अभ्यास दिला तर त्याला दुसरं काय हवं असतं? मी डिक्शनरी काढली, चष्मा पुसला आणि आसराबाईला, म्हणजे बायकोला, सांगितलं की दोन दिवस मला हाक मारू नको.

सातवा प्रश्न होता, मूल कोणत्या वर्गात बसेल? उत्तराखाली एक तक्ता होता. इयत्ता विचारलेली नाही, मार्क विचारलेले नाहीत. फक्त जन्मतारीख. एक सप्टेंबर ते एकतीस ऑगस्ट, या बारा महिन्यांत जन्मलेली सगळी पोरं एका वर्गात. मी तक्त्यावर बोट ठेवलं. बारा नोव्हेंबर दोन हजार दहाची पोरगी येत्या सप्टेंबरात दहाव्या वर्षात बसणार होती. म्हणजे तिला दोन अख्खी वर्षं, बोर्डाचा अभ्यास पहिल्या पानापासून, आणि वर्गात सगळ्या तिच्या वयाच्या. मग बोट एक जून दोन हजार नऊवर नेलं. त्या पोरीची शाळा येत्या जूनमध्येच संपत होती. सप्टेंबरात तिला कुठल्याच शाळेत जागा नाही. सोळा पूर्ण झालेल्यांनी कॉलेजात चौकशी करावी, असं लिहिलं होतं.

पासपोर्टवर एक जून होतं. आधारवर एक जून होतं. सगळं माझ्या रजिस्टरावरून गेलं होतं.

दुसऱ्या फोनवर मी ज्योत्स्नाला हे सांगितलं. 

"सर, ती तारीख तुम्हीच लावली व्हती," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तवा माझं भलंच केलं तुम्ही. आता तेवढी बराबर करून देता का? दाखला आईच्या पेटीत हाय. शाळेचं दुरुस्त झालं की आधार, पासपोर्ट मी करून घेईन. जो खर्चा लागंल तो देते."

"करतो की," मी म्हणालो. "त्यात काय अवघड आहे?"

त्या दिवसापासून आकांक्षा रोज दुपारी माझ्याकडे यायला लागली. टेंभुर्णीच्या हायस्कूलात दहावीचा सराव पेपर संपला की सायकल दाराला टेकवायची आणि ते प्रश्न घेऊन बसायची. तिथे भाकरी नेलेली चालते का डब्यात? गणवेशात टाय असतो का? मारतात का? मी म्हटलं, तिथे मारायला बंदी आहे. इथेही आहे, ती म्हणाली, आणि मी चष्मा पुसायला घेतला.

"सर, माझ्या वर्गात सगळ्या माझ्याएवढ्याच असतील?"

"असतील."

"बिलकुल माझ्याएवढ्या?"

"फार तर चार-सहा महिने इकडेतिकडे."

"मंग बास," ती म्हणाली. "मला एकदा माझ्या वयाच्या पोरींत बसून बघायचंय. तवा कळंल, मी खरंच ढ हाय का."

हे ती हसत म्हणाली. तिने ते मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

माझ्या जुन्या शाळेत आता कल्याण मुख्याध्यापक आहे, माझ्या हाताखाली वाढलेला. मी त्याच्याकडे गेलो. त्याने चहा मागवला, दार लोटलं आणि सरळच सांगितलं.

"व्हतंय, सर. पोरीचं नाव हायस्कूलच्या पटावर हाय तवर व्हतंय. जन्माचा दाखला आन् तुमचं प्रतिज्ञापत्र जोडून मी हायस्कूलमार्फत जालन्याला शिक्षण विभागाकडं प्रस्ताव पाठवतो. पण जल्दी करा. दहावी पास झाली, बोर्डाचं सर्टिफिकेट छापून आलं, की मंग ब्रह्मदेवाला बी ती तारीख बदलता येत न्हाई."

"प्रतिज्ञापत्रात काय लिहायचं?"

"जे झालं ते. दाखला समोर व्हता, तरी दुसरी तारीख लिहिली."

"नजरचुकीने लिहिली असं म्हणू."

त्याने कपाटातून जुनं रजिस्टर काढून माझ्यासमोर उघडलं. त्या वर्षी पहिलीत एकोणीस पोरं, त्यातल्या चौदांची जन्मतारीख एक जून. माझं अक्षर मोठं सुबक होतं तेव्हा. "चौदा वेळा नजरचूक, सर?" कल्याण म्हणाला. "ते विचारतील ना. आन् एकदा विचारायला लागले की त्या वर्षीचा पट बी काढतील. मी काही तुम्हाला भीती घालून राह्यलो न्हाई. पण तुम्हाला ठाऊक असावं."

अकरा फेब्रुवारीला मी जाफराबादला जाऊन स्टँप पेपर आणला, टायपिंगवाल्याकडून मजकूर करून घेतला. "जन्माचा दाखला पाहूनही जाणीवपूर्वक चुकीची तारीख नोंदविली." खाली माझं नाव आणि सहीची जागा. तो कागद मी घरी आणला आणि कपाटात, पेन्शनच्या पासबुकाखाली ठेवला. उद्या सही करू म्हटलं. उद्या म्हटलं परवा करू. जीपमध्ये शेजारी बसलेला कुणी सहज बोलला की अमक्या गावच्या मास्तरची चौकशी लागली, पेन्शन अडकली, तर मी घरी येऊन आधी पासबुक उघडून बघायचो. भिंतीवरचा फोटो उतरवून घ्यायला माणसं आलीत असं मला दिवसाढवळ्या दिसायचं. वेडेपणा होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेल्या माणसाचं कुणी काय वाकडं करणार होतं? पण माणूस घाबरला की त्याला हिशेब सुचत नाही, आणि मी घाबरलो होतो.

चांगुणाबाई पाण्याला जाताना विचारायची, "जयभीम गुरुजी. अकूच्या कागदाचं काय झालं?"

"फाइल जालन्याला गेली," मी सांगितलं.

एकदा सांगितलं की मग रोज सांगावं लागतं. आकांक्षाने विचारलं, तिला सांगितलं. ज्योत्स्नाने विचारलं, तिला सांगितलं की साहेब रजेवर आहेत, मार्चअखेर आहे, निवडणुकीची कामं आहेत. सरकारी ऑफिसबद्दल काहीही सांगा, लोकांना पटतं. कल्याणने दोनदा फोन केला, मी म्हणालो आणतो, मग त्यानेही फोन करायचं सोडलं. त्याची काय गरज अडली होती?

मार्चमध्ये परीक्षा झाली. मेमध्ये निकाल लागला. त्या दुपारी मी ओसरीवर होतो. सायकलची घंटा वाजवत, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा धरून आकांक्षा आली आणि तिच्यामागून धापा टाकत चांगुणाबाई.

"पास झाले, सर! सत्तेचाळीस टक्के! गणितात चाळीस!"

चांगुणाबाईने पदराने डोळे पुसले. "आमच्या सात पिढ्यांत गणितात कुणाला चाळीस पडले न्हाईत, गुरुजी. घ्या, तोंड गोड करा."

मी पेढा तोंडात घातला.  नापास झाली असती तर पोरीचं नाव अजून पटावर राहिलं असतं, हे त्या अंगणात फक्त मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी जालन्याला गेलो. बसमध्ये मांडीवर ठेवून प्रतिज्ञापत्रावर सही केली, अक्षर वेडंवाकडं आलं. जालन्यात वकिलाचा शिक्का घेतला आणि ऑफिसात गेलो. तिथल्या बाई भल्या होत्या. त्यांनी कागद पूर्ण वाचला, मग उलटून स्टँप पेपरची मागची बाजू पाहिली.

"गुरुजी, स्टँप तं फेब्रुवारीत घेतलाय."

"हो."

"मंग मेपर्यंत काय करून राह्यले व्हते?"

 त्यांनी कागद हळूच माझ्याकडे सरकवला. पोरगी पास झाली, बोर्डाकडे तारीख गेली, आता आमच्या हातात काही नाही, त्या म्हणाल्या. कोर्टातून करता येतं. दोन वर्षं धरा, तीन धरा. मी विचारलं, नुसता पासपोर्ट दाखल्यावरून दुरुस्त होईल का? त्या म्हणाल्या, दहावीच्या सर्टिफिकेटवर एक तारीख आणि पासपोर्टवर दुसरी, असं कोण करून देईल?

दोन वर्षांनी त्या तक्त्यात खरी तारीखही तिला शाळेत बसवू शकणार नव्हती. मी बसस्टँडवर तीन बसा सोडून दिल्या. घरी जाऊन कुणाला काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं.

ज्योत्स्नाला सांगितलं की प्रस्ताव नामंजूर झाला. ती रडली नाही. "आपल्यासारख्यांचं काम कुठं होतं, सर," एवढंच म्हणाली. त्या 'आपल्या'त तिने मलाही धरलं होतं. पोरीला आहे त्या पासपोर्टवरच नेते, तिने सांगितलं, कॉलेजात इंग्रजीचा वर्ग मिळतोय, आठवड्यातून तीन दिवस. शाळा नाही तर नाही, आईजवळ तरी राहील.

आकांक्षा चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली ती वही घेऊन. कॉलेजबद्दलचे प्रश्न तिने स्वतःच लिहून आणले होते. वर्गात कोणत्या वयाची माणसं असतात? तिथून नंतर शाळेत जाता येतं का? नर्स व्हायला ते चालतं का? मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला पुढे रेटवेना.

"फाइल जालन्याला गेलीच नव्हती," मी म्हणालो. "माझ्या कपाटात होती."

तिला आधी कळलंच नाही. मी सगळं सांगितलं. पट, बेबीनंदा मॅडम, दाखला परत दिला ते, फेब्रुवारीतला कागद. ती वहीवर पेन आडवा धरून ऐकत होती.

"काहून, सर?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"पेन्शनची. नावाची."

 मग तिने एकच गोष्ट विचारली. "निकाल लागायच्या आदल्या दिवशी बी झालं असतं?"

"प्रयत्न करता आला असता. पास झालीस आणि दार बंद झालं."

"मी दिवाळीपासून पहाटे उठून गणित करून राह्यले व्हते," ती म्हणाली. "आजीला उठवायची नाही म्हणून मोरीत बसून करायची."

तिने पेनला टोपण लावलं, वही बंद केली आणि गेली. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत अख्खं गाव दारात येईल. खरं तर यावं असं वाटत होतं. कुणी आलं नाही. तिने आजीला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. माझं नाव सोळा-सतरा गावांत जसं होतं तसंच राहिलं, ते त्या पोरीच्या गप्प बसण्यावर.

ऑगस्टमध्ये ती गेली. टेंभुर्णीपर्यंत जीपने, पुढे मुंबई. मी सोडायला गेलो नाही. तब्येतीचं कारण सांगितलं.

बारा नोव्हेंबरला दुपारी मी फोन लावला. त्यांच्याकडे सकाळ असते तेव्हा. का लावला, ते नीट सांगता येत नाही. बहुधा एवढंच की ती तारीख मला माहीत आहे, हे तिला कळावं.

"आकांक्षा, वाढदिवसाच्या शुभेच्छा, बेटा. पंधरा पूर्ण झाली आज."

मागे माणसांचा गलका होता, मोठ्या माणसांचे जाड आवाज. ती चालत कुठेतरी बाहेर आली असावी, कारण गलका कमी झाला.

"सर, मला जूनमधी सोळा झाले," ती हळू आवाजात म्हणाली. "इथं ज्या ज्या फॉर्मवर मी सही केली तिथं खाली लिहेल हाय, वरची माहिती खरी हाय म्हणून. मम्मीनं सांगितलं, दुसरी तारीख तोंडातून काढायची न्हाई, कुणासमोर बी. न्हाई तं दोघींना वापस पाठवतील. ती बी आज काही बोलली न्हाई मला. सकाळी नुसतं डोक्यावरून हात फिरवला अन् ड्यूटीला गेली."

"वर्ग कसा आहे?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

"समद्या मोठ्या हायेत. एकीला लेकरू हाय. मला इथं बी धड समजंना." मग ती म्हणाली, "तुम्ही आता ह्या तारखेला फोन करू नका, सर." आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी चांगुणाबाई खिरीची वाटी झाकून घेऊन आली. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून आली होती, बोटं बोंडांनी ओरबाडलेली होती. "आज आमच्या अकूचा वाढदिवस, गुरुजी," ती म्हणाली. "मला तिकडचा फोन लावता येत न्हाई. तुम्ही बोलले का? काय म्हणत व्हती?"

"खूश होती," मी सांगितलं. "शाळा आवडली म्हणाली."

"तुमचेच उपकार," म्हणत ती समोर पायरीवर टेकली. मी खातोय का ते बघत बसली. आसराबाईने चमचा आणून दिला. मी ती खीर शेवटपर्यंत खाल्ली, कारण नको म्हणायला मला तोंड नव्हतं.